स्पायरल बाइंडिंग मशीन: आधी पंच बघा, रोलर नंतर

ऑफिससाठी स्पायरल बाइंडिंगचं मशीन बघायला गेलं की विक्रेता बहुतेक वेळा आधी रोलर चालवून दाखवतो. बटण दाबलं, रबरी रोलर फिरला, कॉइल, म्हणजे प्लास्टिकची लांब स्प्रिंग, सरसर भोकांतून पुढे गेली आणि रिपोर्ट तयार. बघायला झकास वाटतं. पण त्या डेमोतले कागद आधीच पंच करून ठेवलेले असतात, तेही मोजके. ऑफिसातल्या बाइंडिंगचा खरा वेळ भोकं पाडण्यात जातो, आणि तो भाग डेमोत दिसतच नाही.

साधा हिशेब मांडा. १५० कागदांचे २० रिपोर्ट म्हणजे ३,००० कागद. एका वेळी १२ कागद पंचमध्ये घातले तर २५० वेळा दांडा ओढावा लागतो. थप्पी ठोकून सरळ करायची, खाचेत बसवायची, दांडा ओढायचा, काढून क्रमाने ठेवायची. एका फेरीला १०-१२ सेकंद धरले तरी पाऊण तास नुसता पंचिंगला लागतो. कॉइल मात्र वीसच वेळा ओवायची आहे, आणि मध्यम जाडीची (म्हणजे मध्यम व्यासाची) कॉइल सरावलेल्या हाताला मिनिटभराचं काम. शिवाय भोकं वाकडी पडली असतील तर हात वापरा नाहीतर महागडा रोलर, कॉइल अडकायची तिथे अडकतेच. म्हणून बजेट कितीही असो, त्यातला मोठा वाटा पंचसाठी राखावा असं आमचं स्पष्ट मत आहे.

पिच: इथे चुकलं तर पुढचं सगळं चुकतं

पिच म्हणजे लगतच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर. ऑफिसच्या कामाला ४:१, म्हणजे इंचाला चार भोकं, हाच पिच घ्यावा. ५:१ मध्ये भोकं अधिक जवळ असतात, पातळ पुस्तिका त्यात नीटस दिसते; पण जाड कॉइल मिळायला अडचण येते आणि ऑफिसात जाड रिपोर्ट कधी ना कधी येतोच. कोंब बाइंडिंगचं (कंगव्यासारखे दात असलेल्या प्लास्टिक पट्टीचं) मशीन कॉइलला चालत नाही. कोंबला ए४ च्या लांब बाजूवर २१ चौकोनी भोकं असतात, कॉइलला गोल किंवा लंबगोल भोकं लागतात, तीही दुपटीहून जास्त.

यापेक्षा बारीक गोष्ट अशी की ‘४:१’ या एकाच नावाने दोन जवळजवळ सारखे पिच विकले जातात: ०.२४७५ इंच आणि ०.२५० इंच. फरक भोकामागे जेमतेम ०.०६ मिमी. पण ए४ च्या लांब बाजूवर ४७ भोकं असतात, त्यामुळे शेवटच्या भोकापर्यंत तो साचत जाऊन जवळपास ३ मिमी होतो. प्लास्टिक थोडं ताणलं जातं म्हणून तीस कागदांच्या वहीत हा फरक लपून जातो. दीडशे कागदांच्या वहीत कॉइल पहिली पंधरा-वीस भोकं झरझर जाते, मग जड होते, मग मधल्याच एखाद्या भोकाच्या कडेवर टोक आदळून थांबते. बिचाऱ्या रोलरला दोष दिला जातो आणि मशीन दुरुस्तीला पाठवलं जातं. नवीन कंपनीची कॉइल बॉक्सभर मागवण्याआधी एक नग घ्या, आपल्या मशीनवर पंच केलेला एक कागद टेबलावर ठेवा आणि कॉइल भोकांच्या रांगेवर आडवी धरा. पहिला वेढा पहिल्या भोकावर बसवला की शेवटचा वेढा शेवटच्या भोकावर यायला हवा. तो सरकलेला दिसला तर ती कॉइल घेऊ नका.

पिना काढता येतात का?

पिना म्हणजे पंचमधल्या भोकं पाडणाऱ्या छोट्या सळ्या. मशीन निवडताना आम्ही सर्वांत जास्त वजन या एका सोयीला देतो. कारण आकड्यांतच आहे. ए४ कागद २९७ मिमी लांब. ०.२४७५ इंच म्हणजे सुमारे ६.२९ मिमी. ४७ भोकं पाडली तर पहिल्या भोकाच्या मध्यापासून शेवटच्या भोकाच्या मध्यापर्यंत २८९ मिमी होतात. उरले ८ मिमी, दोन्ही टोकांना वाटून चार-चार. भोकाचा व्यास साडेचार मिमीच्या आसपास असतो, म्हणजे शेवटचं भोक आणि कागदाची कड यांच्यात दोन मिमीपेक्षाही कमी कागद राहतो. साईड गाईड, म्हणजे कागदाची बाजू जिथे टेकवतात तो अडसर, दोन मिमी सरकलेला असेल तर एका टोकाचं भोक कडेला फुटतं आणि कोपऱ्यात अर्धवट खाच पडते. अठ्ठेचाळिसावी पिन चालू राहिली तरी तेच होतं. अशी खाच पडलेल्या कोपऱ्यातून कॉइल निसटते, पान दुमडतं आणि आठवडाभर हाताळल्यावर फाटायला लागतं.

पिना एकेक करून बाहेर ओढता येत असतील तर ए४ साठी ४७, ए४ च्या आखूड बाजूसाठी ३३ आणि ए५ च्या आखूड बाजूसाठी २३ पिना चालू ठेवून बाकीच्या बंद करता येतात. काही मशीनमध्ये फक्त टोकाच्या दोन-तीन पिनाच निघतात. सगळं काम एकाच मापाचं असेल तर तेवढ्यावर भागतं. वेगवेगळी मापं येत असतील तर सगळ्या पिना निघणारं मशीनच घ्या. साईड गाईड फिरकीने बारीक सरकवता येणारा हवा. ठरावीक खाचांमध्ये खट्कन बसणारा गाईड नेमका हव्या त्या मिलिमीटरवर कधीच थांबत नाही.

लीगल कागद ३५५ मिमी लांब असतो, तेव्हा त्यासाठी पंचची खाच दोन्ही बाजूंना उघडी असायला हवी. मग अर्धा कागद पंच करून, सरकवून, शेवटच्या पडलेल्या भोकात पिन बसवून उरलेला भाग पंच करता येतो. बंद टोकाच्या मशीनवर हे होतच नाही.

भोकाची खोली आणि आकार

कागदाच्या कडेपासून भोक किती आत पडतं ते ठरवणारी फिरकी बऱ्याच स्वस्त मशीनमध्ये नसते. कॉइल पातळ असेल तर भोक कडेच्या जवळ हवं, कॉइल जाड असेल तर आत. ६ किंवा ८ मिमीच्या कॉइलला भोक खूप आत पडलं तर वेढा वळून पुढच्या भोकापर्यंत पोचत नाही, पानं ताठ राहतात, उलटत नाहीत. उलट २५ मिमीच्या कॉइलला भोक कडेशी पडलं तर वजनाने पान फाटतं. ही फिरकी नसलेलं मशीन घ्यायचंच असेल तर आधी ठरवा की आपण नेहमी कुठल्या मापाची कॉइल वापरणार, आणि त्या मापाच्या कॉइलवरच मशीन तपासा.

लंबगोल भोकं जाड वहीला सोयीची. जाड थप्पीत कॉइलला भोकाच्या आत वळायला जागा लागते, ती लंबगोल भोकात मिळते. पातळ वहीत गोल भोकं जास्त नेटकी दिसतात. मुख्य काम शंभर कागदांच्या वर असेल तर लंबगोल निवडा.

‘२० शीट’ या आकड्याचा अर्थ

खोक्यावरची क्षमता बहुतेकदा ७०-७५ जीएसएमच्या (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) साध्या कागदावर मोजलेली असते. ८० जीएसएमच्या कागदावर रोजच्या कामाला त्याच्या दोन तृतीयांश धरा. २० लिहिलं असेल तर १३-१४. लेपाचा गुळगुळीत कागद असेल तर त्याहून कमी. २५०-३०० जीएसएमचं एक कव्हर तीन-चार कागदांइतकं मोजा.

जास्त भरलं की नक्की काय होतं? दांडा खाली येतो, फ्रेम किंचित वाकते, पिना शेवटच्या एक-दोन कागदांतून पूर्ण आरपार जात नाहीत. वरून भोक दिसतं, पण खाली गोल टिकली एका बाजूने लोंबत राहते. कॉइल ओवताना तीच टिकली आडवी येते. थप्पी उलटी करून तळाच्या कागदाची भोकं बघायची सवय लावून घ्या. तिथली भोकं स्वच्छ असतील तर पंच बरोबर आहे. टिकल्या दोनदा-तीनदा लोंबायला लागल्या तर आधी कागद कमी करा. तरीही टिकल्या लोंबत असतील तर डाय, म्हणजे पिना आणि त्या ज्यात शिरतात त्या भोकांचा संच, बोथट झाली आहे.

चांगल्या मशीनमध्ये पिना एकाच उंचीच्या नसतात. काही आधी टेकतात, काही किंचित उशिरा, त्यामुळे दांड्यावरचा जोर वाटला जातो. दांडा एकदम अडून मग धाडकन खाली जात असेल तर अशी रचना नाही असं समजा. दिवसभराच्या कामाला असं मशीन खांदा दुखवतं.

हाताचं की मोटरचं

आठवड्याला पाच-दहा वह्या, प्रत्येकी पन्नास-साठ कागदांच्या, एवढंच काम असेल तर हाताचा पंच आणि हातानेच कॉइल ओवणं पुरेसं आहे. पैसे उरले तर सगळ्या पिना निघणारा आणि खोलीची फिरकी असलेला हातपंच घ्या, रोलर नको. हातपंच घेताना त्याचं वजन बघा. हलकं मशीन दांडा ओढला की टेबलावरून उचललं जातं आणि त्या झटक्यात कागद हलतो. मशीन कमरेच्या उंचीच्या भक्कम टेबलावर ठेवा. दांडा खाली येताना हात सरळ राहायला हवा.

हाताचा पंच आणि जोडीला इलेक्ट्रिक रोलर, असं मिश्र मशीन बाजारात बरंच खपवलं जातं. आमच्या मते ऑफिससाठी ही सर्वांत चुकीची जोडी आहे. मोटर सोप्या कामाला लावली जाते आणि अवघड काम हाताकडे राहतं. त्याच पैशात नुसता इलेक्ट्रिक पंच मिळत असेल तर तो घ्यावा आणि कॉइल हाताने ओवावी.

इलेक्ट्रिक पंच घेताना दोन गोष्टी तपासा. पायाचं पेडल आहे का? दोन्ही हात कागद धरायला मोकळे राहिले की काम चांगलंच वेगाने होतं आणि भोकंही सरळ पडतात. दुसरी, मोटर उलटी फिरवायची सोय. कागद अडकला की पिना अर्ध्यावर रुततात. उलट बटण नसेल तर मशीन उघडल्याशिवाय सुटका नाही, आणि रुतलेला कागद जोर लावून ओढला की पिना वाकतात. सलग काम केल्यावर मोटर गरम होऊन आपोआप बंद पडते, ती संरक्षणाची सोय आहे, बिघाड नाही. पण किती वेळ सलग चालते हे विक्रेत्याकडून लेखी घ्या.

डाय बदलता येणारी जड मशीनं वेगळ्या वर्गातली. एकाच यंत्रावर कॉइल, कोंब आणि वायरो (दुहेरी तारेचं बाइंडिंग) तिन्ही करायचं असेल किंवा रोज रिमांच्या हिशेबात काम असेल तरच त्यांचा विचार करा. डाय बाहेर निघते याचा आणखी एक फायदा असा की धार लावायला फक्त डाय पाठवता येते, मशीन ऑफिसातच राहतं.

रोलर कधी लागतो

रोलर निरुपयोगी आहे असं नाही. दिवसाला तीस-चाळीस वह्या एकाच मापाच्या निघत असतील तर हाताची बोटं दुखतात, तिथे तो उपयोगी पडतो. रोलर लांब आणि मऊ रबराचा हवा, वेग कमी-जास्त करता यायला हवा. जाड कॉइलला कमी वेग, पातळ कॉइलला जास्त. आधी चार-पाच वेढे हाताने ओवायचे, मगच वहीचा कणा रोलरला हलका टेकवायचा. दाब जास्त दिला की कॉइल चपटी होते आणि टोक भोक चुकतं.

जाड वहीसाठी रोलरपेक्षा कण्याला आकार देणं महत्त्वाचं. कॉइल गोल असते, थप्पीची भोकं मात्र सरळ बोगद्यासारखी. शंभर कागदांच्या पुढे कणा किंचित तिरका, गोलाकार केला नाही तर कॉइलचं टोक मधल्या कागदांवर आपटतं. मशीनसोबत वक्र पट्टी मिळाली तर उत्तम, नाहीतर जाड पुठ्ठ्याच्या नळीवर कणा दाबून घेतला तरी काम होतं.

कॉइलचं माप

८० जीएसएमचा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो, म्हणून शंभर कागदांची थप्पी १० मिमी. कव्हरं धरून जी जाडी येईल त्यात ३ मिमी मिळवा, तेवढ्या मापाची कॉइल लागते. शंभर कागदांना १४ मिमी, सव्वाशेला १६, दोनशेला २५. २० मिमीच्या पुढे चार-पाच मिमी जास्त धरलेले बरे, पानं सहज उलटतात. थप्पीची जाडी अंदाजाने न ठरवता दाबून, पट्टीने मोजा. प्रिंटरमधून नुकतेच निघालेले कागद गरम आणि वाकलेले असतात, थप्पी फुगीर दिसते. असे कागद लगेच पंच केले तर खालची कड खाचेत नीट टेकत नाही आणि भोकं तिरकी पडतात. थंड होऊ द्या, सपाट वजनाखाली ठेवा, मग पंच करा.

कॉइल १२ इंच लांब मिळते, ए४ ला दोन्ही टोकांना कापायला पुरेसा भाग उरतो. खोक्यातल्या कॉइल दाबून चपट्या झालेल्या नाहीत ना ते बघून घ्या. पीव्हीसी थंडीत कडक होऊन तडकतं, उन्हात मऊ पडून वाकडं होतं. खोकी खिडकीजवळ ठेवू नका, त्यांच्यावर रिमा रचू नका.

क्रिम्पर आणि कव्हर

कॉइलचं टोक कापून आत वळवणारी क्रिम्पिंग पक्कड अनेकदा मशीनसोबत फुकट देतात. फुकटची पक्कड लवकर बोथट होते. बोथट पक्कड टोक कापते पण वळवत नाही, वळण्याच्या जागी प्लास्टिक पांढरं पडतं, आणि महिन्याभरात कॉइल फिरत बाहेर येते. पक्कड कण्याला समांतर, वहीला टेकवून धरायची. वळलेलं टोक कण्याच्या दिशेने आत राहायला हवं, बाहेर राहिलं तर कागद आणि बोट दोन्हीला लागतं. वेगळी, चांगली पक्कड विकत घेणं हा सगळ्यात स्वस्त सुधार आहे.

पारदर्शक प्लास्टिक कव्हर एकट्याने पंच करू नका. वर-खाली एकेक कागद ठेवून पंच केलं की टिकली सुटून पडते. पातळ कव्हरं एका वेळी एक किंवा दोन, जास्त नाहीत. पॉलिप्रोपिलीनची लवचीक कव्हरं सगळ्यात त्रासदायक. पिन त्यांना कापण्याऐवजी ताणते आणि चकती लोंबत राहते. आतली पानं आधी पंच करा, कव्हरं शेवटी.

टिकल्यांचा ट्रे भरला की टिकल्या परत डायमध्ये चढतात आणि पिना जाम होतात. अडकलेल्या बऱ्याच पंचमशीनचं कारण भरलेला ट्रे एवढंच असतं. शंभरेक पंच झाले की रिकामा करा. पिना जड चालायला लागल्या तर मेणकागदाचा तुकडा दोन-तीनदा पंच करा. तेल लावायचं असेल तर मशीनच्या पुस्तिकेत सांगितलेल्या जागीच, एक थेंब. नंतर दहा-बारा रद्दी कागद पंच करून टाका, नाहीतर पहिल्या रिपोर्टवर तेलाचे ठिपके उमटतात.

कॉइल नको तेव्हा

शेवटच्या तासापर्यंत पानं बदलत असतील तर कोंब बाइंडिंग बरं, ते उघडून पान बदलता येतं. कॉइलमध्ये पान घालायचं तर टोकं कापून पूर्ण कॉइल उलटी फिरवून काढावी लागते आणि ती परत पुरत नाही. दुसरं, कॉइल तिरकी चढत जाते, त्यामुळे उघडलेल्या वहीत डावं आणि उजवं पान एकमेकांपेक्षा साधारण ३ मिमी वर-खाली दिसतं. दोन पानांवर पसरलेला नकाशा किंवा तक्ता असेल तर रेषा जुळणार नाहीत, त्याला वायरो घ्या. बाकी पूर्ण मागे दुमडणारी, पिशवीत दाबली तरी न मोडणारी वही हवी असेल तर कॉइलला तोड नाही. मात्र छापताना कण्याच्या बाजूला १५ ते २० मिमी मोकळी जागा सोडा, दोन्ही बाजूंना छपाई असेल तर मार्जिन आलटून-पालटून.

डेमोला जाताना आपल्याच ऑफिसातले ८० जीएसएमचे दीडशे कागद, दोन कव्हरं आणि एक पारदर्शक शीट घेऊन जा. दुकानातले पंच केलेले कागद बाजूला ठेवायला सांगा. सगळे कागद तुमच्या हाताने पंच करा, प्रत्येक वेळी तळाचा कागद उलटून बघा. सगळी थप्पी एकत्र ठोकून दिव्यासमोर धरा: भोकांच्या रांगेतून आरपार उजेड दिसला तर साईड गाईड घट्ट आहे. एका-दोन ठिकाणी अंधार दिसला तर ते कागद शोधून बाहेर काढा आणि कुठल्या फेरीत गाईड हलला ते तिथेच विचारा. मग पंचमध्ये मुद्दाम दोन कागद जास्त भरून अडकवा आणि विक्रेत्याला ते सोडवायला सांगा. किती वेळ लागतो आणि त्यासाठी किती स्क्रू काढावे लागतात ते नीट बघून ठेवा.